स्वस्त असू दे, पण रबर जिवंत हवं
टेबल टेनिस : वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त रबराचेच निघाले, म्हणून सर्व्हिस, फूटवर्क वगैरे सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. सगळ्यांच्या प्रश्नांचा सूर एकच आहे, जरा खेळता यायला लागलंय, खिसा मोठा नाही, काय लावू?

प्रश्न : दीड वर्ष झालं खेळतोय, आठवड्यातून तीन-चार दिवस. बॅट अजून रेडीमेडच आहे, घेतली तेव्हाचीच. ड्राइव्ह, पुश, ब्लॉक बऱ्यापैकी जमतात. आता कोच टॉपस्पिन (बॉल खालून वर घासून पुढच्या बाजूला फिरवणं) शिकवतायत पण बॉल एकतर नेटमध्ये नाहीतर थेट टेबलाबाहेर. सगळे म्हणतात रबर बदल. बघायला गेलो तर शंभर नावं आणि प्रत्येक पाकिटावर वेगळे आकडे. कमी बजेटमध्ये कुठलं घेऊ?

आधी बॅट उजेडात धरून बघा. मधोमध, जिथे बॉल सगळ्यात जास्त लागतो, तिथे रबर काठापेक्षा फिकट आणि गुळगुळीत दिसतंय का? ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग बोट जरा दाबून सरकवा. बोट अडखळलं पाहिजे. सुळकन घसरलं तर त्या रबरात आता काही राहिलं नाही असं समजा. दीड वर्ष आणि आठवड्याला चार दिवस म्हटल्यावर माझा अंदाज आहे की ते केव्हाच गेलंय, आणि टॉपस्पिन लागत नाही यात तुमच्या हाताची चूक किती आणि मेलेल्या रबराची किती हे आत्ता कोणालाच सांगता येणार नाही, तुमच्या कोचलाही नाही. होतं काय, घसरणाऱ्या रबराने बॉल खालून वर घासायला गेलं की तो पकडलाच जात नाही, तसाच खाली जाऊन नेटला लागतो, मग आपण नकळत बॅट उघडतो आणि जोर लावतो, की बॉल टेबलाबाहेर. ही बॅट उघडायची सवय एकदा हाताला लागली की नवीन रबर लावल्यावरही लवकर सुटत नाही. म्हणून रबर बदलायचं ठरवलंच आहे तर लांबवू नका.

आता कुठलं. रबर म्हणजे दोन थर, वर शीट आणि खाली स्पंज. शीट बॉलला पकडतं, स्पंज दाबला जाऊन त्याला परत फेकतो. शिकणाऱ्याला पकडणारं शीट भरपूर हवं आणि फेकणारा स्पंज जरा शांत हवा. जाहिराती मात्र सगळ्या फेकण्याच्याच असतात. आणि पाकिटावरचे स्पीड, स्पिन, कंट्रोलचे आकडे सोडूनच द्या, प्रत्येक कंपनीचं माप स्वतःचं असतं, एकीचा नऊ दुसरीच्या नऊशी जुळत नाही, काही वेळा एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या रबरांचे आकडेसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत. हार्डनेसचंही तेच. चायनीज रबरावरचं ३९ डिग्री आणि जर्मन रबरावरचं ४२.५ डिग्री बघून चायनीज मऊ असेल असं वाटतं, प्रत्यक्षात ते चायनीज चांगलंच कडक निघतं कारण मोजायची पट्टीच वेगळी.

तुमच्या कामाची तीन घराणी आहेत. पहिलं जुनं जपानी, म्हणजे यासाका मार्क फाइव्ह (१९६९ चं) आणि बटरफ्लाय स्रायव्हर (१९६७ चं). ही रबरं आली तेव्हा बॉल ३८ मिलिमीटरचा होता, २००० साली तो ४० चा झाला, २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिक आलं, आणि खेळायच्या आधी स्पीड ग्लू थापून रबर फुगवायची जी पद्धत होती तीही २००८ मध्ये बंद झाली, एवढं सगळं उलटंपालटं होऊनही मार्क फाइव्ह अजून विकलं जातंय. वरच्या लेव्हलचे खेळाडू आता ते लावत नाहीत हे खरं, प्लॅस्टिकच्या मोठ्या बॉलला स्पिन द्यायला त्यांना याहून जास्त जोर लागतो. पण तुम्हाला जोर नकोय, उत्तर हवंय. तुम्ही हळू मारलं तर बॉल हळू जाणार, जोरात मारलं तर जोरात, घासलं तर फिरणार, नाही घासलं तर नाही फिरणार. रबर मध्ये स्वतःचं काही घालत नाही.

दुसरं घराणं चायनीज. फ्रेंडशिप ७२९ सुपर एफएक्स, पालिओ सीजे ८०००, यिन्हे मर्क्युरी टू वगैरे. सगळ्यात स्वस्त हीच, आणि स्वस्त म्हणजे टाकाऊ नाही, यांच्या शीटची पकड भल्याभल्या महाग रबरांना लाजवेल. कमी-जास्त टॅकी असतात, म्हणजे पृष्ठभागच चिकट, काहींवर बॉल दाबून बॅट उलटी केली तर बॉल क्षणभर लटकतो. सर्व्हिस आणि पुशला भरपूर फिरकी मिळते. पण स्पंज थंड असतो, फटका अर्धवट मारला की बॉल मेल्यासारखा पडतो, पूर्ण हात फिरवायला लावतात. घ्यायचंच तर यातलं मऊ किंवा मध्यम स्पंजचं घ्या.

तिसरं टेन्सर. डॉनिक, टिबार, आंद्रो, योला, झिओम, नावं वेगवेगळी पण यांची बरीचशी रबरं जर्मनीतल्या ईएसएन नावाच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडतात. रबर बनवतानाच ताणलेलं ठेवतात, त्यामुळे स्पंज जणू स्प्रिंग. यात महागडी भरपूर आहेत पण झिओम वेगा युरोपसारखी मऊ स्पंजची, मधल्या किमतीची पण आहेत आणि बॅकहँडला ती खूप गोड लागतात. फक्त पहिलंच रबर टेन्सर नको. का ते सांगतो, माझा स्वतःचा किस्सा आहे. रेडीमेड बॅट सोडली तेव्हा पहिलं रबर मी सगळ्यात महागाचं आणलं होतं, कारण ज्याच्याकडून सतत हरायचो त्याच्या बॅटवर तेच होतं. पहिले दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की साधा पुश टेबलावर पडत नाहीये, सर्व्हिस रिसीव्ह उंच उडतोय, आणि हा माणूस आता नुसता उभा राहून स्मॅश मारतोय. सहा महिने मी हात आखडून खेळलो. ते आखडणं जायला पुढचं वर्ष गेलं.

तर माझं मत, मार्क फाइव्ह, दोन्ही बाजूंना, स्पंजची जाडी फोरहँडला २.० मिलिमीटर आणि बॅकहँडला १.८. तेही महाग वाटत असेल तर सीजे ८००० मधल्या मऊ स्पंजमध्ये दोन्हीकडे. दोन्ही बाजूंना एकच रबर का, तर तुमचे फटके अजून घडतायत, एका बाजूचं जमतंय आणि दुसरीचं नाही असं झालं की कारण रबरात शोधत बसायला नको.

आणि हो, रेडीमेड बॅटचं रबर काढून त्याच लाकडावर नवीन लावायचा विचार असेल तर जरा थांबा. बऱ्याच रेडीमेड बॅटींना कारखान्यातच घट्ट गोंदाने रबर चिकटवलेलं असतं, ओढलं की लाकडाचा वरचा पापुद्रा सोबत येतो. जमलं तर वेगळं ब्लेड, म्हणजे खेळाडू ज्याला प्लाय म्हणतात ते, पाच थरांचं, सगळं लाकडी, ऑलराउंड प्रकारचं घ्या. कार्बनचा थर असलेलं नको. दोघांचं मिळून बजेट बसत नसेल तर ब्लेडवर खर्च करा आणि रबर स्वस्त लावा. ब्लेड नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं चालतं, रबर कितीही महाग असलं तरी ठराविक तासांनी मरतंच.

प्रश्न : क्लबमधल्या सीनियरचं ऐकून फोरहँडला हरिकेन थ्री हे चायनीज टॅकी रबर लावलं. जगातले टॉप चायनीज खेळाडू हेच वापरतात म्हणे. पण माझा टॉपस्पिन आधीपेक्षा जास्त नेटमध्ये जातोय. रबर डुप्लिकेट असेल का?

डुप्लिकेट असेलच असं नाही, बहुतेक अस्सलच असेल, म्हणूनच हे होतंय! चीनचा ऑलिंपिक विजेता मा लाँग, त्याच्या फोरहँडवर हरिकेन थ्री होतं हे बरोबर आहे, पण त्या नावाखाली साधं, प्रोव्हिन्शियल आणि नॅशनल असे वेगवेगळे प्रकार येतात, स्पंज वेगळे असतात, आणि मुख्य म्हणजे त्यामागे मा लाँगचे पाय आणि कंबर असते. तुम्ही मनगटाने मारताय (पत्रात तुम्ही सराव कसा करता ते लिहिलंय त्यावरून म्हणतोय). कडक स्पंज दाबलाच जात नाही, बॉल नुसता चिकट शीटवर घासून खाली पडतो.

सीनियर आता तुम्हाला बूस्टर लावायला सांगतील, तेलासारखं असतं, स्पंजला लावलं की तो फुगतो आणि मऊ पडतो. लावू नका. कारखान्यातून आलेल्या रबरावर नंतर असली काही प्रक्रिया करायला नियमाने बंदी आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी चार आठवड्यांनी त्याचा असर उतरतो, मग रबर रोज वेगळं वागतं. शिकणाऱ्याला रोज वेगळं वागणारं रबर म्हणजे शिक्षाच.

काढून टाका असंही लगेच म्हणत नाही. महिनाभर फक्त एक करा, बॅकस्पिन (उलटी फिरकी) घेऊन आलेल्या बॉलवर हळू पण पूर्ण टॉपस्पिन, गुडघे वाकवून, पाठीमागून पुढे, वेगाचा विचारच नको. त्यात बॉल उचलला जायला लागला तर रबर ठेवा, तुमचा हात सुधारेल. नाही लागला तर मऊ स्पंजचं काहीतरी लावा आणि हे गुंडाळून पाकिटात ठेवून द्या, वर्षभराने बघू.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, स्पर्धा खेळायला लागलीये. क्लबमधला एक मोठा मुलगा स्वतःचं जुनं, खूप महागाचं रबर तिला फुकट देतोय. त्याने चार-पाच महिने वापरलंय. घेऊ का? पैसे वाचतील.

नका घेऊ. मनाने चांगला मुलगा आहे, त्याला थँक्यू म्हणा आणि नको सांगा. तो जर स्वतः ते काढून टाकतोय तर का काढतोय याचा विचार करा ना, त्याला त्यातली पकड गेलेली जाणवली म्हणूनच! जुनं महाग रबर म्हणजे दोन्हीकडून तोटा, शीट गुळगुळीत झालेलं असतं आणि स्पंज अजून फेकत असतो, म्हणजे फिरकी नाही आणि वेग आहे. मुलीला नेमकं याच्या उलट हवंय. शिवाय त्याच्या ब्लेडच्या मापाला कापलेलं असतं, तिचं ब्लेड जरा मोठं असलं की काठाला लाकूड उघडं राहतं.

दुसरं वजन. मोठ्या मुलाचं कडक, जाड रबर कापल्यावर एका बाजूचं पन्नास ग्रॅमच्या आसपास भरू शकतं. दोन्ही बाजूंना तसलं लावलं तर बॅट १९० ग्रॅमला पोचते आणि अकरा वर्षांच्या मनगटाला ती दुसऱ्या गेममध्येच जड व्हायला लागते, मग खांदा उचलून मारणं सुरू होतं. तिच्यासाठी हलकं ब्लेड, दोन्हीकडे मऊ स्पंज, १.८ पेक्षा जाड नको. कुठलंही साधं, नवीन, ग्रिप असलेलं रबर चालेल. दर चार-पाच महिन्यांनी बदलता येईल एवढ्याच किमतीचं निवडा, हा हिशोब आधी करा आणि मग नाव बघा. बरेच पालक एकदा महागाचं घेतात आणि मग दोन वर्षं तेच ओढतात, तेवढ्या पैशात चार स्वस्त रबरं झाली असती आणि मूल कायम ताज्या रबरावर खेळलं असतं.

प्रश्न : १.५, १.८, २.०, २.१, मॅक्स. एवढ्याशा फरकाने खरंच काही होतं का?

होतं, पण जोरात मारल्यावर. पातळ स्पंजमध्ये हलक्या टचला फारसं काही वेगळं वाटत नाही, पण जोरदार फटक्याला बॉल स्पंज पूर्ण दाबून लाकडापर्यंत पोचतो, तो ठक्क आवाज येतो ना तो त्याचाच. तिथून पुढे तुम्ही कितीही जोर लावा, रबर जास्त देत नाही. जाड स्पंजमध्ये बॉल जास्त वेळ बुडतो, टॉपस्पिनला जागा मिळते, पण ब्लॉक आणि रिसीव्हला तोच स्पंज नको तेव्हा उसळी देतो. नियमाने शीट, स्पंज आणि गोंद सगळं मिळून ४ मिलिमीटरच्या वर जाता येत नाही, म्हणून मॅक्स म्हणजे त्या रबरात बसेल तेवढा जाड स्पंज. १.८ ते २.० मध्ये राहा. २.० आणि २.१ मधला फरक तुम्हाला कळला असं कोणी म्हणत असेल तर त्याला डोळे बांधून खेळवा.

प्रश्न : माझा बॅकहँड कच्चा आहे. मनिका बत्रा लाँग पिंपल (लांब दाणे बाहेरच्या बाजूला असलेलं रबर) लावते तसं मी लावलं तर? समोरच्याची फिरकी उलटी जाते म्हणतात आणि स्वस्तात पण मिळतं.

तिचं बघून मोह होणारच, पण ती त्याच हाताने बॅट फिरवून दोन्ही रबरं दोन्ही बाजूंना वापरते, तेही रॅली चालू असताना, ते बघितलंत का? लाँग पिंपलने फिरकी तयार करता येत नाही, समोरून आली तेवढीच परत जाते, आणि कुणी सरळ, बिनफिरकीचा बॉल दिला की तो कुठे जाईल हे आधी तुम्हालाच कळत नाही. तुमच्या लेव्हलला समोरचे पण गोंधळतील, तुम्ही काही मॅच जिंकाल, आणि त्यातच अडचण आहे, कारण बॅकहँड कच्चाच राहील. आधी वर्षभर साध्या रबराने बॅकहँड शिका. त्यानंतरही मन होत असेल तर खुशाल लावा, तो एक वेगळाच खेळ आहे आणि मजेचा आहे.

प्रश्न : रबर स्वतः चिकटवता येतं का? मागच्या वेळी मी लावलं आणि मधे फुगा आला.

येतं, आणि यायलाच हवं, दर वेळी कोणाच्या मागे कशाला लागायचं. फुगा आला म्हणजे गोंद ओला असतानाच लावलंत, शंभर टक्के. पाण्याचा गोंद वापरा, स्पंजला आणि लाकडाला दोन्हीकडे पातळ थर, मऊ स्पंजच्या तुकड्याने एका दिशेने पसरवायचा. लावला की दुधासारखा पांढरा दिसतो. पांढरा आहे तोवर हात लावायचा नाही, चहा प्या, फोनवर बोला, काहीही करा. पूर्ण पारदर्शक झाला की मगच मुठीकडून सुरुवात करून, ओढून न ताणता, बाटलीने किंवा लाटण्याने वरच्या टोकाकडे दाबत न्या. स्पंज जास्त पीत असेल तर आणखी एक थर, पण तोही वाळू द्यायचा. नंतर जड पुस्तकांखाली तासभर ठेवायचं, मग उलटं करून नव्या पात्याच्या कटरने किंवा धारदार कात्रीने काठाकाठाने कापायचं. माझं पहिलं कापलेलं रबर उंदराने कुरतडल्यासारखं दिसत होतं, काठाला टेप मारली आणि झाकलं, खेळायला काही फरक पडला नाही.

तुमचा फुगा अगदी मधे असेल तर रबर हळू काढून पुन्हा लावा. काढताना मुठीजवळच्या कोपऱ्यातून तिरकं, सावकाश, नाहीतर लाकडाचे तंतू उपटतात.

प्रश्न : नवीन रबर जास्त दिवस टिकवायला काय करू?

खेळून झालं की पाण्याने हलकं ओलं करून पुसा, घाम आणि धूळ जाऊ द्या, वर प्लॅस्टिकची फिल्म लावा आणि केसमध्ये ठेवा. गाडीत उन्हात विसरू नका. साबण, सॅनिटायझर, स्पिरीट काही नको. टॅकी रबरावर फुंकर मारून तळहाताने पुसायची सवय खूप जणांना असते, तळहाताचं तेल त्यावर बसतं, जमलं तर सोडा. एवढं करून काही आठवडे वाढतील, वर्षं नाही.

प्रश्न : हिरवं रबर बघितलं, भारी दिसतं. मॅचला चालेल?

चालेल. एक बाजू काळीच पाहिजे, दुसरी आधी लालच लागायची, पण ऑक्टोबर २०२१ पासून लालबरोबर गुलाबी, जांभळा, हिरवा, निळा हेही रंग चालतात. फक्त त्या रबराच्या खालच्या पट्टीवर आयटीटीएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा, शिक्का आणि नंबर आहे ना ते बघून घ्या, स्वस्तातल्या रंगीत रबरांमध्ये काहींवर तो नसतो आणि मग घरी खेळायलाच उरतं. रंगामुळे बॉल वेगळा जात नाही. चायनीज टॅकी रबरात काळं जास्त चिकट असतं असं जुने खेळाडू अजून सांगतात, तुम्हाला आत्ता तो फरक कळणार नाही, मला तरी वीस वर्षांत नीटसा कळलेला नाही. आवडतंय तर हिरवं लावा.